गाझा : दोषाची आणेवारी कशी लावायची?

कट्टेकर :
आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर दोन ज्येष्ठ गेली दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कारण पार्किंग नाही, पाण्याची टाकीही नाही. कारण गाझा. एक बँकेतून निवृत्त झालेले, दुसरे शाळेतून. बँकवाले काका म्हणतात, ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे १२०० माणसं मारली, अडीचशे उचलून नेली. पुढे जे काही झालं त्याचा सोळा आणे दोष हमासचा. मास्तर म्हणतात, बॉम्ब ज्याच्या विमानातून पडला, दोष त्याचा.

१० ऑक्टोबर २०२५ पासून तिकडे युद्धविराम लागू झाला, तेव्हा वाटलं इकडेही होईल. कसलं काय! मास्तर एक पाऊल मागे आले, म्हणाले, "जाऊ दे, आठ आणे त्यांचा, आठ आणे यांचा, मिटवा." त्यावर काका म्हणाले, "आठ आणे? ही आणेवारी काढली कोणी?"

तोच प्रश्न इथे टाकतोय. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीत ऑक्टोबर २०२५ पर्यंत ६७ हजारांवर मृत्यू आहेत. त्यात लढणारे किती आणि सामान्य किती, हे ते वेगळं दाखवत नाहीत. पण बायका-मुलं प्रचंड आहेत. या मरणांची सातबाऱ्यासारखी आणेवारी लावता येते का? कशी? शिव्या नकोत, मला हे कट्ट्यावर वाचून दाखवायचंय.

दुपारचा_चहा :
खुर्ची टाकली, चहा आणि खारी घेतली. धागा शंभरी गाठणार.

रोखठोक_राजा :
यात विचारण्यासारखं काय आहे? सणाच्या दिवशी सकाळी घरांत शिरून माणसं मारली. नोव्हाच्या संगीत महोत्सवात साडेतीनशेच्या वर तरुण पोरं गेली. मग पळून लपले कुठे? वस्तीखालच्या भुयारांत. रुग्णालयाखाली, शाळेखाली. आपल्या लोकांना पुढे करून मागून लढायचं आणि मेले की त्यांचे फोटो दाखवायचे. नरिमन हाऊस इतक्यात विसरलात? तिथे सहा ज्यू मारले होते, मुंबईत, आपल्या नाकासमोर. काका बरोबर आहेत.

खारा_वारा :
राजाभाऊ, इतिहास ७ ऑक्टोबरला सकाळी साडेसहाला सुरू झाला का? १९४८ मध्ये, इस्रायल उभा राहिला तेव्हा, सात लाखांवर पॅलेस्टिनी घराबाहेर पडले, ते परत जाऊ शकले नाहीत. गाझातली बहुसंख्य माणसं त्याच निर्वासितांची मुलं-नातवंडं आहेत. ३६५ चौरस किलोमीटर जागा, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण साठ टक्के. २२ लाख लोक, २००७ पासून नाकेबंदी.

भुयारांचं मान्य. पण २ मार्च २०२५ पासून अकरा आठवडे इस्रायलने अन्नधान्याचा एक ट्रक आत जाऊ दिला नाही, आणि ऑगस्टमध्ये गाझा शहर आणि आसपासच्या भागात दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. पिठाचं पोतं अडवलं, ते कुठल्या भुयारावर हल्ला म्हणून?

शेवटचा_बाक :
यालाच म्हणतात सालाचा खेळ. कोण कुठल्या सालापासून गोष्ट सांगायला सुरुवात करतो ते बघायचं, पुढचं ऐकायची गरज नाही. १९४८ म्हटलं की हा पक्ष, २००५ म्हटलं (इस्रायलने गाझातल्या वसाहती उठवल्या) की तो पक्ष. मी दोघांनाही वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनला नेतो. १९२९ मध्ये तिथे दंगलीत ६७ ज्यू मारले गेले. वाचले ते बरेचसे अरब शेजाऱ्यांनी घरात लपवले म्हणून. त्याच गावात फेब्रुवारी १९९४ मध्ये एका ज्यू वसाहतवाल्या डॉक्टरने मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. एप्रिलमध्ये त्याचा सूड म्हणून हमासने इस्रायलमधल्या अफुला गावात बसशेजारी मोटारबॉम्ब उडवला, आठ मेले. आता सांगा, अफुलाच्या आठांचा दोष किती आणे डॉक्टरचा आणि किती हमासचा?

रोखठोक_राजा :
शेवटचा बाक, मुद्दा छान, पण गाझाच्या लोकांनी हमासला मतं देऊन निवडून आणलं हे तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

पत्रावळ :
निवडणूक २००६ ची. हमासला ४४ टक्क्यांच्या आसपास मतं होती, जागा १३२ पैकी ७४. त्यानंतर २०२५ पर्यंत संसदेची निवडणूक झालेली नव्हती. गाझात निम्म्याच्या आसपास लोक अठराच्या आतले, म्हणजे ते तेव्हा जन्मलेही नव्हते.

आमच्या पुण्यात २०१७ नंतर महापालिकेची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. २०१७ मध्ये मी ज्याला मत दिलं त्याने जे काही केलं त्यासाठी आज माझ्या पोराला धरणार का? (मी ज्याला दिलं तो पडलाच होता, ते सोडा.)

दुपारचा_चहा :
पुण्यात खड्ड्याचा दोष मतदाराचाच असतो. पाटी वाचली नाही का.

खारा_वारा :
पत्रावळ, +१.

शेवटचा_बाक :
थांबा, +१ पूर्ण द्या. हेच माप उलट्या बाजूलाही लावायचं. सीमेलगतच्या किबुत्झांत (सामूहिक शेतीच्या वस्त्यांत) शांततावादी माणसं बरीच राहायची. बेएरीत मारल्या गेलेल्या विवियन सिल्वर चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. गाझातल्या आजारी माणसांना तपासणीनाक्यावरून गाडीत घेऊन इस्रायलच्या रुग्णालयात पोचवण्याच्या कामात त्या असायच्या. त्या दिवशी थायलंडहून शेतमजुरीला आलेली डझनावारी माणसंही मारली गेली. त्यांनी कुणाची जमीन घेतली होती? "तिथे निष्पाप कोणी नाही" हे वाक्य दोन्हीकडे बोललं जातं, अक्षरशः तेच.

आळशी_मांजर :
माझी एक कबुली. १७ ऑक्टोबर २०२३ ला गाझातल्या अल-अहली रुग्णालयाच्या आवारात स्फोट झाला, तेव्हा "इस्रायलच्या हल्ल्यात ५०० ठार" हे मी घरच्या ग्रुपवर दहा मिनिटांत टाकलं. मावसभावाशी भांडण झालं, त्याला नाही नाही ते बोलले. पुढे जी तपासणी झाली त्यात अनेकांचा निष्कर्ष असा निघाला की तो बहुधा पॅलेस्टिनी गटाचाच भरकटलेला रॉकेट होता, आणि मृतांचा आकडाही कमी असावा. मावसभावाची माफी मागितली.

पण त्यानंतर त्याने एक सोय करून घेतली. कुठल्याही रुग्णालयाची बातमी आली की "अल-अहलीसारखंच असेल". ऑगस्ट २०२५ मध्ये गाझातल्याच खान युनिसच्या नासर रुग्णालयावर एकामागोमाग मारा झाला, वीसेक माणसं गेली, त्यात पाच पत्रकार. ते इस्रायलने स्वतः मान्य केलं, दुर्घटना म्हणाले. मी त्याला बातमी पाठवली. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

वाळूतला_कोकण्या :
दुबईत आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा ड्राफ्ट्समन खान युनिसचा. बडबड्या माणूस, माझ्या डब्यातल्या सुकटीला नाक मुरडणारा. ऑक्टोबर २०२३ नंतर त्याच्या टेबलावर फोन कायम उताणा. आईला सकाळी "सबाह अल-खैर" पाठवायचा आणि मग दिवसभर ती एक राखाडी खूण बघत बसायचा. दुसरी खूण उमटली की उठून पाणी पिऊन यायचा. तिने वाचलं की नाही याचं त्याला काही नव्हतं. फोन सुरू झाला, म्हणजे कुणीतरी चार्ज केला, म्हणजे कुणीतरी आहे.

एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, "तुमच्या हमासने हे ओढवून घेतलं रे." तो ड्रॉइंगवरून मान न उचलता म्हणाला, "माझ्या काकांनी त्यांना हे तोंडावर सांगितलं होतं. त्यांचं घर पाडलं ते मात्र इस्रायलने." पुढे आम्ही जिन्याच्या मापाबद्दल बोललो.

नवगावची_लेक :
मी अश्दोदहून लिहितेय. बेने इस्रायल (कोकणातले ज्यू), मूळ अलिबागजवळच्या नवगावचे आम्ही. आजोबांपर्यंत शनिवार तेली (शनिवारी घाणा बंद ठेवणारे). मराठी वाचते बरं, टंकायला वेळ लागतो, चुका सांभाळून घ्या.

त्या दिवशी सिम्हात तोराचा सण होता आणि शनिवार. साडेसहाला सायरन. अश्दोदला आम्हाला पंचेचाळीस सेकंद मिळतात. आईला ममादमध्ये (घरातली काँक्रीटची खोली) नेलं. आई शब्बाथ (शनिवारचा विसावा) कडक पाळते, फोन-टीव्ही काही नाही. सायरन थांबेना. नऊला, दहाला मी फोन बघितला, तिच्याकडे पाठ करून. अकराच्या सुमारास ती स्वतःच म्हणाली, "लाव गं तो टीव्ही." माझ्या आठवणीत तिने शब्बाथ मोडलेला तो एकमेव दिवस. भाचा राखीव दलात आहे, दुपारी वर्दी घालून गेला.

म्हणून राजाभाऊंचं पटकन पटतं मला. पण एक सांगते, जे इथे शेजारणींपुढे बोलत नाही. आमच्या हिब्रू वाहिन्यांवर गाझातली मुलं दिसत नव्हती. दिसली ती मुंबईच्या मावशीने पाठवलेल्या व्हिडिओत. मी तिला म्हटलं, असलं पाठवू नकोस. दोष वगैरे मोठ्या गोष्टी. बघायचंच नाही हे आधी ठरवलं होतं आम्ही.

दुपारचा_चहा :
नवगावच्या ताई, तुमचं मराठी इथल्या निम्म्या आयडींपेक्षा बरं आहे. अवांतर : मलिदा अजून करता का? अलिबागला आमच्या शेजारी असायचा. पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. प्रेषित एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन.

नवगावची_लेक :
अहो करतो तर! पोहे लोदला भारतीय दुकानात मिळतात. खोबरं मात्र पाकिटातलं, त्याचं दुःख वेगळा धागा काढून सांगेन. आणि आमच्याकडे "मायबोली" नावाचं मराठी नियतकालिकही निघतं, तेही सांगून ठेवते.

खारा_वारा :
ताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून मघाची माझी भाषा जरा खाली उतरली. मुद्दा तोच आहे, पण भाषा उतरली.

रोखठोक_राजा :
चला, खारा वारा गोड झाला. मलिदा पावला.

फौजी_सातारकर :
बावीस वर्षं नोकरी, त्यातली बरीच बंडखोरीविरोधी. फार लिहीत नाही, पण दोन गोष्टी.

वस्तीत मोर्चा लावून लढणारा आपल्याच माणसांचा गुन्हेगार, यात मला शंका नाही. साध्या कपड्यांत फिरणारा बंदूकवाला समोर आला की पोराटोराकडेही संशयाने बघायला लागतं. हे मी जगलोय. ते त्यांनी मुद्दाम केलंय आणि त्याचं पाप त्यांचंच.

आता दुसरी गोष्ट. १५ डिसेंबर २०२३, गाझा शहरातलं शुजाइया. तीन इस्रायली ओलीस कसेबसे सुटले. अंगात शर्ट नाही (बॉम्ब बांधलेले नाहीत हे दिसावं म्हणून), काठीला पांढरं फडकं. उरलेल्या अन्नाने कापडावर मदतीची अक्षरं काढलेली. त्यांच्याच सैनिकांनी दोघांना तिथेच मारलं, तिसरा आत पळाला, हिब्रूत ओरडला, बाहेर आला आणि तोही मेला. सेनेने कबूल केलं की हे गोळीबाराच्या नियमांविरुद्ध झालं. मी चौकीवर उभा राहिलेला माणूस आहे, म्हणून सांगतो : पोरगं घाबरलेलं होतं, हे मला समजतं. पण घाबरलेलं पोरगं बोट कधी दाबतं? वरून आलेली ढील त्याला माहीत असते तेव्हा. आणि ते तिघे इस्रायली निघाले म्हणून आपल्याला कळलं. पांढरं फडकं घेतलेले पॅलेस्टिनी असते तर चौकशी लागली असती का, एवढंच विचारतो.

पुण्यात घर असलेले, मूळ नागपूरचे आपले एक निवृत्त कर्नल १३ मे २०२४ ला गाझातल्या रफाहत गेले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात होते, गाडीवर खूण होती. संयुक्त राष्ट्रांनी म्हटलं, गोळा रणगाड्याचा असावा, आणि तिथे रणगाडे एकाच बाजूकडे आहेत. इस्रायलने म्हटलं, गाडीचा मार्ग कळवला नव्हता. ४६ वर्षांचा माणूस. त्यांच्या बाबतीत हमासची ढाल कुठे होती?

रोखठोक_राजा :
सुभेदारसाहेब, मान आहे तुमचा. पण युद्धात चुका होतात. सगळ्यांच्या होतात.

फौजी_सातारकर :
होतात. पहिली चूक असते. तीच पन्नास वेळा झाली की तिला पद्धत म्हणतात आमच्याकडे.

संपादक मंडळ :
दोन प्रतिसाद उडवले आहेत. धर्मावरून सरसकट विधानं इथे चालणार नाहीत. काश्मीरसाठी वेगळा धागा आहे, खरं तर अकरा आहेत.

कलम_दवात :
उशिरा आलो, वरचं सगळं वाचून काढलं. मूळ प्रश्न आणेवारीचा होता आणि तो माझ्या रोजच्या धंद्यातला आहे. मी पंचवीस वर्षं मोटार अपघाताचे दावे चालवतो. तिथे आणेवारी रोज निघते. दुचाकीवाला चुकीच्या बाजूने आला, तीस टक्के. ट्रकवाला वेगात होता, सत्तर टक्के. काकांना आणि मास्तरांना हेच हवंय.

पण आता दुचाकीवर मागे बसलेलं पोर घ्या. त्याचा पाय गेला. त्याच्या भरपाईतून "तुझा बाप तीस टक्के चुकला" म्हणून तीस टक्के कापत नाहीत. पोराची चूक शून्य. त्याला पुरी भरपाई मिळते, हवी तर एकट्या ट्रकवाल्याकडूनही पुरी वसूल करता येते. नंतर ट्रकवाला आणि बाप आपापसात काय ते बघून घेतील. टक्केवारी ही चुकलेल्या दोघांमधली भानगड आहे. पोराला ती दाखवायची नसते.

हा धागा वाचताना मला हेच दिसलं. आपण सगळे बापाची आणि ट्रकवाल्याची टक्केवारी काढतोय आणि ती नेऊन पोराच्या माथी मारतोय. "हमासने ओढवलं" हे वाक्य हमासबद्दल खरं असू शकतं; खान युनिसच्या त्या आईच्या हिश्श्यातून त्याने एक पैसाही कमी होत नाही. "जवळपास साठ वर्षांचा इस्रायलचा ताबा आहे" हेही खरं असू शकतं; नोव्हात नाचणाऱ्या पोरीच्या हिश्श्यातून तेही वजा होत नाही.

शेवटचा_बाक :
वकीलकाका, अपघात आणि युद्ध एक कसं? अपघातात कोणी मुद्दाम करत नाही.

कलम_दवात :
बरोबर पकडलंत. म्हणून आता फौजदारीकडे या. तिथे तर बेरीज सोळा आण्यांची नसतेच. दोघांनी मिळून खून केला तर प्रत्येकाला अर्धी जन्मठेप होते का?

युद्धाच्या कायद्यातही असंच लिहून ठेवलंय. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जो पहिला जोडकरार झाला त्याचं कलम ५१ वाचा. उपकलम ७ : नागरिकांची ढाल करायची नाही. हे हमासला लागू. लगेच खाली उपकलम ८ : समोरच्याने हे नियम मोडले तरी नागरिकांबाबतची तुमची बांधिलकी सुटत नाही. हे इस्रायलला लागू. दोन्ही एकाखाली एक छापलेत. (इस्रायलने तो जोडकरार स्वीकारलेला नाही. जाता जाता, भारतानेही नाही. पण नागरिकांना लक्ष्य करायचं नाही, हे रूढीने सगळ्यांवरच बंधनकारक मानतात.)

अजून एक गैरसमज काढतो. "प्रमाणाबाहेर" म्हणजे १२०० विरुद्ध ६७ हजार असं माप नसतं. तुमचे बाराशे मेले म्हणून तुम्हाला बाराशे मारायची मुभा आहे, असं कुठलाही कायदा म्हणत नाही. माप दर हल्ल्याला वेगळं लागतं : या बॉम्बमधून जो ठोस लष्करी फायदा अपेक्षित होता, त्याच्या मानाने सामान्य माणसांचं नुकसान अती होणार होतं का, आणि टाकणाऱ्याला ते आधी दिसत होतं का. म्हणून एकूण आकडा पुरावा असतो, निकाल नसतो. अन्न अडवण्याला तर हे प्रमाणाचं मापही लागत नाही. उपासमार हे हत्यार म्हणून वापरायलाच बंदी आहे.

२१ नोव्हेंबर २०२४ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने एकाच दिवशी तीन वॉरंटं काढली. इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान नेतान्याहू, माजी संरक्षणमंत्री गॅलंट आणि हमासचा लष्करप्रमुख मोहम्मद देईफ. पहिल्या दोघांवरच्या आरोपांत उपासमार, देईफवरच्या आरोपांत खून, ओलीस ठेवणं. देईफ आधीच मेला होता, हे पुढे हमासने मान्य केलं. आरोप सिद्ध झालेले नाहीत. पण बघा, न्यायालयाने आणे लावले नाहीत. प्रत्येकाचं पान वेगळं उघडलं.

पत्रावळ :
वकीलकाका, दंडवत. मागे बसलेलं पोर डोक्यातून जाणार नाही आता.

रोखठोक_राजा :
पोराचं पटलं. पण हेगचं नाही. ज्या न्यायालयाला इस्रायल, अमेरिका, भारत कोणीच मानत नाही त्याचं वॉरंट म्हणजे सोसायटीची नोटीस. आणि मारायला निघालेला आणि अडवायला निघालेला यांना एकाच दिवशी वॉरंट, हाच मोठा अन्याय आहे. हे माझं वैयक्तिक मत.

खारा_वारा :
मलाही ते एकाच दिवशी काढलेलं आवडलं नव्हतं. कारण उलटं.

दुपारचा_चहा :
बघा, एकमत झालं.

नवगावची_लेक :
वकीलकाका, आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ट्रकवाला आमचा आहे म्हणून आम्ही त्याला घरात जेवायला वाढतो, ते पण लिही. मग म्हणाली, नको लिहू. मी लिहिलं.

वाळूतला_कोकण्या :
माझ्या शेजाऱ्याला यातलं काय सांगू कळत नाही. परवा त्याने विचारलं, तुमच्याकडे मराठीत आमच्याबद्दल काय लिहितात? मी म्हटलं, भांडतात. तो म्हणाला, बरं आहे मग.

कट्टेकर :
सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी कट्ट्यावर पूर्ण धागा वाचून दाखवला, पाऊण तास लागला, मलिद्यासकट. मास्तर फौजींच्या प्रतिसादाला थांबवून पुन्हा वाचायला लावत होते. काका अश्दोदच्या ताईंच्या ठिकाणी चष्मा पुसत होते. दोघं एकाच बाकावर बसले होते, हेही नमूद करतो.

संपल्यावर काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "चांगलं आहे, पण मास्तरांची बाजू जरा जास्तच आली आहे." घरी पोचतो तर मास्तरांचा फोन. त्यांचंही तेच म्हणणं, काकांची.

दुपारचा_चहा :
म्हणजे किती आणे जास्त?